दुकान बोथचं, गिऱ्हाईक किनवटचं

सीमाप्रश्न म्हटलं की लोकांना बेळगाव, निपाणी, कारवार आठवतं. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा, ८६५ गावं, १ नोव्हेंबरचा काळा दिवस. त्यावर भरपूर लिहिलं जातं आणि लिहिलं जायलाच पाहिजे. आज मला बोथच्या सीमाप्रश्नाबद्दल लिहायचंय. आपला हा प्रश्न कुठल्याच कोर्टात नाही. तो बिलबुकात आहे, आणि आपल्याकडचा पोरगा किंवा पोरगी "आता काय धंदा टाकावा?" असं विचारते तेव्हा तो समोर येतो.

हा प्रश्न सध्या घरोघरी आहे. डिग्री झाली, ग्रुप-टू ग्रुप-फोरच्या नोटिफिकेशनची वाट बघून झाली, पुण्या-हैदराबादला कंपनीत राहून परत येऊन झालं. मग घरातलं मोठं माणूस म्हणतं, "नोकरी नाय तं नाय, काहीतरी टाक." आणि आपण काय टाकतो? शेजाऱ्यानं जे टाकलं तेच. एक मोबाईलचं दुकान चाललं की त्याच लायनीत आणखी तीन उघडतात. एकाचा डीजे लग्नसराईत फिरला की पुढच्या वर्षी पाच डीजे. यूट्यूबवाले दादा सांगतात, "दहा हजारात सुरू करा, लाखो कमवा." त्यांचा धंदा व्हिडिओचा आहे, तो मात्र चांगला चाललाय.

यातलं कुणीच एक गोष्ट सांगत नाही. धंदा निवडताना पुण्याच्या किंवा वरंगलच्या माणसाला जो प्रश्न पडत नाही, तो आपल्याला पहिला पडायला हवा: गिऱ्हाईक शिवेच्या कुठल्या बाजूला राहतं?

हे का, ते समजायला थोडं मागे जावं लागेल. जुन्या हैदराबाद संस्थानात किनवट आणि राजुरा हे तालुके आपल्याच आदिलाबाद जिल्ह्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार फेररचना झाली, ते दोन्ही तिकडे मुंबई राज्यात गेले आणि बोथ, आदिलाबाद, उटनूर आंध्रात राहिले. कागदावर रेघ पडली. सोयरिकी मात्र तशाच राहिल्या, बाजारही तसाच राहिला. आजही कापडाला किनवट, नवरात्रात माहूर, पोरीला दिलेली तिकडं आणि सून आणलेली तिकडून. गंमत बघा, आदिलाबादहून सिकंदराबादला जाणारी रेल्वेसुद्धा आधी महाराष्ट्रात शिरते, किनवट, मुदखेड करत धर्माबादेवरून परत तेलंगणात येते. रेल्वेला जी वाट सोपी वाटली, तीच गिऱ्हाइकाला सोपी वाटते. म्हणून बोथ किंवा सोनाळ्यात दुकान टाकणारा माणूस मनातल्या मनात जो हिशोब करतो, त्यात किनवटकडची गावं धरलेली असतातच.

कर खात्याचा हिशोब वेगळा आहे.

जीएसटी आला तेव्हा वर्षाला २० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्याला नोंदणी लागत नव्हती. जानेवारी २०१९ मध्ये जीएसटी परिषदेनं मालाच्या विक्रीसाठी ही मर्यादा ४० लाख केली, १ एप्रिल २०१९ पासून ती लागू झाली. पण कुठली मर्यादा ठेवायची ते राज्यांवर सोडलं होतं. महाराष्ट्रानं ४० लाख घेतली. तेलंगणानं २० लाखच ठेवली. त्या यादीत आपल्यासोबत कोण आहे? अरुणाचल, मेघालय, सिक्कीम, उत्तराखंड, पुद्दुचेरी. डोंगराळ नाहीतर लहान प्रदेश, आणि त्यात आपलं तेलंगणा. म्हणजे किनवटचा हार्डवेअरवाला वर्षाला ३५ लाखांचा माल स्वतःच्या राज्यात विकून नोंदणीशिवाय राहू शकतो आणि बोथचा हार्डवेअरवाला २० लाखाच्या पुढे गेला की त्याला नंबर घ्यावा लागतो. २० लाख म्हणजे फार वाटतं, पण ती विक्री आहे, नफा नाही. दिवसाला साडेपाच हजाराचा गल्ला झाला की वर्षाचे २० लाख होतात.

आता खरी अडचण. करपात्र माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकला तर ही मर्यादाच उरत नाही. पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची. किनवटच्या गिऱ्हाइकानं बोथच्या काउंटरवर येऊन पंपाचा स्टार्टर विकत घेतला आणि स्वतः घेऊन गेला तर ती तेलंगणातली विक्री. तोच स्टार्टर मी माझ्या गाडीवर टाकून त्याच्या गावात पोचवला तर ती आंतरराज्य विक्री. माणूस तोच, स्टार्टर तोच, गावाचं अंतर तेवढंच. ज्यांनी कमी कागदपत्रांसाठी कंपोझिशन योजना घेतलीय, त्यांना तर दुसऱ्या राज्यात माल विकताच येत नाही. ऑनलाइन कंपन्यांच्या मार्फत विकायचं म्हटलं तरी ऑक्टोबर २०२३ पासून बिननोंदणीच्या लहान विक्रेत्याला जी सूट मिळालीय ती फक्त स्वतःच्या राज्यातल्या विक्रीपुरती आहे. आदिलाबाद जिल्ह्याच्या टोकावरून हैदराबादला पार्सल पाठवा, चालेल. शिवेपलीकडच्या मामाच्या गावाला पाठवू नका.

संविधानाचं कलम ३०१ आम्ही वर्गात शिकतो: भारतभर व्यापार मुक्त असेल. प्राध्यापक शिकवतात तेव्हा ते फार सुंदर वाटतं. कायद्यानं आंतरराज्य विक्री बंद केलेली नाही हेही खरं, नोंदणी मागितली आहे एवढंच. नोंदणीला सरकारी फी नाही. पण दर महिन्याचे नाहीतर तिमाहीचे रिटर्न भरायला माणूस लागतो, त्याची फी लागते, चुकलं की दंड लागतो. मोठ्या व्यापाऱ्याला हे काहीच नाही. दिवसाला साडेपाच हजाराच्या गल्ल्यात ते जाणवतं.

मग लोक काय करतात ते आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. कच्चं बिल, नाहीतर बिलच नाही. माल जातो, पैसे येतात, सगळं गुपचूप. याला मी चोरी म्हणणार नाही, पण शहाणपणही म्हणवत नाही. वाटेत गाडी अडवली तर करपात्र मालावर कराच्या दुप्पट दंड लागू शकतो. त्याहून मोठं नुकसान हळूहळू होतं. पाच वर्षांनी दुकान वाढवायला कर्ज मागायला जाता तेव्हा बँक विचारते, उलाढाल दाखवा. अर्धी विक्री तर कुठं लिहिलेलीच नाही. धंदा चालतो पण कागदावर तो धंदाच नसतो, म्हणून आपल्याकडची दुकानं बापाच्या काळात जेवढी होती तेवढीच पोराच्या काळात राहतात.

माझ्या घरात हाच विषय सध्या रोज रात्री चालू आहे. मोठा भाऊ चाकणला कंत्राटावर चार वर्षं काढून परत आलाय. हाताशी दोन लाख रुपये. त्याच्या डोक्यात होतं की पंपाचे स्टार्टर, वायर, पाइप, फवारणी पंप असं दुकान टाकायचं आणि किनवटकडच्या नातेवाइकांच्या गावांत माल पोचवायचा, कारण तिथं ओळख आहे, उधारी वसूल होते. कल्पना वाईट नाही. मी जीएसटीचं वर लिहिलेलं सगळं त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग काय भजे तळू?" मी म्हटलं, "स्टार्टर विकू नको, स्टार्टर दुरुस्त कर." तो त्याच कामावर होता तिकडे. मोटर खोलणं, गुंडाळणी, बेअरिंग बदलणं त्याच्या हाताला येतं.

हे मी चेष्टेत बोललो नव्हतो. सेवेसाठी नियम वेगळा आहे. सेवा दुसऱ्या राज्यातल्या गिऱ्हाइकाला दिली तरी वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत नोंदणी लागत नाही. २०१७ पासून हा नियम आहे आणि आपल्या भागात तो फार कमी लोकांना माहीत आहे. मोटर रिवाइंडिंग, ट्रॅक्टर आणि दुचाकीचं काम, शिवणकाम, सोलर पंपाची दुरुस्ती, फोटो-व्हिडिओ, अकाउंट लिहून देणं, शिकवणी. यात शीव आडवी येत नाही. दुरुस्तीत घातलेला सामानाचा हिशोब वेगळा निघतो, तेव्हा तिथं जपून राहावं, सामान गिऱ्हाइकालाच आणायला सांगावं. पण मुख्य कमाई हाताच्या कामाची असेल तर शिवेच्या दोन्ही बाजूंची गावं तुमची.

मालाच्या धंद्यातही एक मोकळी वाट आहे. जो माल पूर्ण करमाफ आहे, तोच फक्त विकणाऱ्याला नोंदणी लागत नाही, मग तो कुठंही विको. भाजीपाला, सुटं धान्य, सुटी डाळ, जनावरांची ढेप. यात एक बारीक खोच आहे. तुरीची डाळ सुटी विकली तर करमाफ. तीच डाळ किलोच्या पिशवीत भरून, सील करून, वर लेबल लावलं की जुलै २०२२ पासून तिला कर आहे. म्हणजे "ब्रँड बनवा" असा सल्ला जो आपल्याला प्रत्येक शिबिरात मिळतो, तो पाळला की त्या पिशवीला शीव ओलांडायला नंबर लागतो. शिबिरात हे सांगत नाहीत. ब्रँड बनवू नका असं माझं म्हणणं नाही. बनवायचाच असेल तर पहिल्या दिवसापासून नोंदणी घ्या आणि रिटर्नचा खर्च किमतीत धरा.

डाळीचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबतो, कारण आपल्या भागासाठी मला हा धंदा सगळ्यात जवळचा वाटतो. तूर आपल्याकडे कापसात आंतरपीक म्हणून असतेच. घरची तूर विकायची आणि बाजारातून डाळ आणायची, ही आपली जुनी खोड. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं मिनी डाळ मिल तयार केलीय, विदर्भात बचत गटांनी ती चालवलेली आहे. अशी मिल घेऊन डाळ विकत बसण्यापेक्षा शेतकऱ्याची तूर मजुरीवर भरडून दिली तर ती सेवा ठरते. तूर त्याची, डाळ त्याची, मजुरी आपली. किनवटकडचा शेतकरी पोतं घेऊन आला तरी हरकत नाही. अडचणी दोन. एक, तूर येते उन्हाळ्याच्या तोंडाशी, वर्षभर मिल चालत नाही. तेव्हा सोबत मिरची-हळदीचं कांडप, ज्वारीचं दळण ठेवावं लागेल. दुसरी विजेची. तेलंगणात शेतीची वीज फुकट आहे, पण तिच्यावर गिरणी चालवता येत नाही, वेगळं कनेक्शन घ्यावं लागतं आणि त्याचं बिल येतं. आणि अनुदान? महाराष्ट्रातला शेतकरी महाडीबीटीवर अशा यंत्रांसाठी अर्ज करतो. आपल्याला ते पोर्टल बंद. मशीन मराठी, भाषा मराठी, तूर तीच, अर्ज नाही.

कर्जाच्या योजनांबद्दल फार लिहित नाही, माहिती सगळीकडे मिळते. दोनच गोष्टी, ज्या उशिरा कळल्या की पश्चात्ताप होतो. पीएमईजीपी ही केंद्राची योजना नव्या उद्योगालाच आहे. आधी काम सुरू केलं आणि मग अर्ज केला तर अर्ज बसत नाही. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के आणि महिला, एससी, एसटी, ओबीसी, अल्पसंख्याकांना ३५ टक्के अनुदान आहे, पण ते पैसे हातात येत नाहीत. बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून पडून राहतात आणि नंतर कर्जात वळते होतात. दुसरी गोष्ट, लहान उद्योगाच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेनं तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. एका बँकेत माझ्या भावाला पट्टा पासबुक मागितलं. नियम माहीत होता म्हणून आम्ही तो शब्द काढला, साहेबांनी फाइल पुढं सरकवली. राज्याची राजीव युवा विकासम योजना २०२५ मध्ये आली, ४ लाखांपर्यंतच्या युनिटसाठी. लाखो पोरांनी अर्ज केले, २ जूनचा मुहूर्त ठरला होता, तो पुढे ढकलला गेला. त्या भरवशावर धंदा ठरवू नका. आला पैसा तर वाढवायला वापरा.

धंदा आधी ठरवून गिऱ्हाईक नंतर शोधायचं, ही आपली पद्धत मला उलटी वाटते. उटनूरला आदिवासी महिलांच्या संस्थेनं मोहाच्या फुलांचे लाडू सुरू केले. मोहफूल तर आपल्या प्रत्येक जंगलात पडतं, लाडू घरोघरी येतो. पण त्यांचा लाडू चालला तो आश्रमशाळा-वसतिगृहातल्या पोरींना रक्त वाढावं म्हणून तो दिला जाऊ लागला तेव्हा. गिऱ्हाईक पक्कं होतं, मग कढई मोठी झाली. आपल्याकडे आधी कढई येते.

वाहनाचंही असंच बघून घ्यावं. पॅसेंजर ऑटो घेऊन बोथ-किनवट मारायचा विचार कितीतरी जण करतात. ऑटोचं परमिट राज्यापुरतं असतं, पलीकडे गेलात की तुम्ही बेकायदा. मालाची छोटी गाडी, एकूण वजन ३००० किलोच्या आत असेल तर तिला परमिटच लागत नाही. दोन्हीचे हप्ते जवळपास सारखे, पण एका गाडीला शीव आहे आणि दुसरीला नाही. शोरूममध्ये हे कुणी सांगत नाही.

आता ज्या गोष्टी निवडून सुटत नाहीत त्या. आपले बंजारा मित्र तेलंगणात एसटी आहेत, शिवेपलीकडे विमुक्त जातीत. एकाच तांड्यातला पोरगा तिकडं दुकान टाकायला गेला की त्याचं सर्टिफिकेट तिथं चालत नाही. मर्री चंद्रशेखर राव खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९९० मध्येच सांगितलं की एका राज्यातला एससी-एसटी दर्जा स्थलांतर केल्यावर दुसऱ्या राज्यात लागू होत नाही. तो मुंबईत वाढलेल्या, मूळ आंध्रातल्या विद्यार्थ्याचा खटला होता. आम्ही कुठं स्थलांतर केलंय? आमच्या आजोबांच्या डोक्यावरून रेघ गेली. महाराष्ट्र सरकारनं कर्नाटकातल्या ८६५ गावांना २०२३ मध्ये आरोग्य विम्याचा लाभ देऊ केला, चांगलं केलं. त्या यादीत आपण नाही, कारण आपण कुठल्या दाव्यातच नाही. उलट २०१८ मध्ये रयतु बंधू सुरू झाली तेव्हा धर्माबादकडची गावं म्हणत होती, आम्हाला तेलंगणात घ्या. मला यात कुणाची बाजू घ्यायची नाही. इकडचा माणूस तिकडं बघतो, तिकडचा इकडं, आणि दोघांनाही फक्त एवढंच हवं असतं की मधे राहिल्याचा भुर्दंड पडू नये.

तेव्हा मागण्या अशा असाव्यात ज्या मंडल ऑफिसपासून हैदराबादपर्यंत कुणी हसून टाकणार नाही. तेलंगणानं मालाची मर्यादा ४० लाख करावी. शिवेलगतच्या मंडलातल्या लहान दुकानदाराला लगतच्या तालुक्यात ठराविक रकमेपर्यंत विनानोंदणी विक्रीची सूट असावी. हस्तकलेच्या ठराविक वस्तूंना आंतरराज्य विक्रीत अशी सूट आजही आहे, म्हणजे कल्पना नवी नाही. आणि उद्योगाच्या योजनांची माहिती मराठीत लावावी. राज्याच्या भाषा तेलुगू आणि उर्दू आहेत, ठीक. पण ज्या भागात एखाद्या भाषेचे लोक १५ टक्के किंवा जास्त असतील तिथं महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही द्याव्यात, हे भाषिक अल्पसंख्याकांसाठी फार पूर्वी मान्य झालेलं आहे. बोथ मंडलाचा आकडा मागायला माहिती अधिकाराचा एक अर्ज पुरतो. आणि कलम ३५० म्हणतं की गाऱ्हाणं संघात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत मांडता येतं. म्हणजे मराठीत लिहिलेला अर्ज "तेलुगूत आणा" म्हणून परत करता येत नाही.

अर्जाचा मराठी मसुदा मी लिहिलाय, तेलुगू प्रत कॉलेजमधला मित्र करतोय. त्याला जोडायला नुसत्या तक्रारी नकोत, खरे हिशोब हवेत. बोथ, सोनाळा, बाजारहत्नूर, तलमडगू, तामसी, कुठलंही गाव असो, तुमचं दुकान किंवा काम असेल तर तीन गोष्टी लिहून पेजला पाठवा: काय विकता किंवा करता, त्यातलं किती शिवेपलीकडचं आहे, आणि नोंदणीच्या भीतीनं कुठली ऑर्डर सोडली. नाव नको, गाव पुरे. भावानं स्वतःचा कागद दिलाय. दुकान अजून उघडलेलं नाही, तरी सोडलेल्या ऑर्डरी त्यात दोन आहेत.